बारा खणांचं घर
ब्लूजचे अल्बम जमवायचे, तर कुठून आणि कसे ऐकायचे?

ब्लूजशी नव्याने ओळख झालेला माणूस पाच-सहा गाणी ऐकून झाली की हमखास एक शंका काढतो, "ही सगळी गाणी सारखीच नाहीत का?" शंका रास्त आहे. तेच तीन कॉर्ड, तीच ओळ दोनदा, तीच जराशी लचकत चालणारी लय आणि बहुतेक वेळा कुणीतरी कुणाला तरी सोडून गेलेलं. मीही पहिल्यांदा हेच म्हणालो होतो. मग ज्यांनी आयुष्यभर हे संगीत ऐकलं, ते एकाच गाण्याची सात-आठ ध्वनिमुद्रणं का जपून ठेवतात?

दुसरं कोडं त्याहून गमतीचं आहे. 'ब्लूजचे उत्तम अल्बम' म्हणून जी नावं सांगितली जातात, त्यांतली कित्येक अल्बम म्हणून कधी मुद्रित झालीच नव्हती. रॉबर्ट जॉन्सनने हयातीत एकही अल्बम काढला नाही. त्याचा जगप्रसिद्ध अल्बम निघाला १९६१ साली, तो जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर.

ही दोन्ही कोडी सुटली की संग्रह कसा करायचा हेही आपोआप उलगडतं. ब्लूजमध्ये साचा ठरलेला असतो. बदलतो तो गाणाऱ्याचा गळा, वाजवणाऱ्याचा हात, ज्या जागेत गाणं झालं ती जागा आणि ज्या यंत्राने ते टिपलं ते यंत्र. चांगला अल्बम तो, जो या चारांपैकी एखादी गोष्ट कानाला स्वच्छ ऐकवतो.

घराचा आराखडा

जुन्या घरांचा आकार आपल्याकडे खणांत सांगायचे. ब्लूजचं घर बारा खणांचं असतं. एक खण म्हणजे चार ठोके. पाश्चात्त्य परिभाषेत त्याला 'बार' म्हणतात. म्हणजे एका कडव्याचे अठ्ठेचाळीस ठोके झाले. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन-चार सूर. ब्लूजला मुळात तीनच कॉर्ड पुरतात. एक 'सा'वर उभा, एक 'म'वर आणि एक 'प'वर.

पहिले चार खण 'सा'वर जातात. पाचवा आणि सहावा 'म'वर, सातवा-आठवा पुन्हा 'सा'वर. नवव्या खणात 'प', दहाव्यात 'म' आणि शेवटच्या दोनांत परत 'सा'. घरातून निघायचं, शेजारी डोकावून परत यायचं, मग पार वेशीपर्यंत जायचं आणि घरी परतायचं, असा हा फेरा. बाराव्या खणात बहुतेकदा 'प'चा एक धक्का असतो. समेआधीची तिहाई जशी कानाला समेकडे ढकलते, तसा तो पुढच्या कडव्याकडे ढकलतो.

या बारा खणांत शब्दांच्या तीन ओळी बसतात. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा आणि मग उत्तर देणारी तिसरी. मराठीत रचायचं झालं तर असं काहीतरी:

पहाटे दार उघडलं, अंगणात तुझी चप्पल नाही,
अगं, पहाटे दार उघडलं, अंगणात तुझी चप्पल नाही;
कुत्रं अजून फाटकाशी बसलंय, त्याला कसं सांगू बाई?

ओळ दोनदा म्हणण्यात आळस नाही. गाणारा पुष्कळदा जागच्या जागी कडवी जुळवत असे. दुसऱ्या वेळी ओळ म्हणताना त्याला तिसरी सुचायला अवधी मिळे. ऐकणाऱ्यालाही पुढे काय येणार याची ओढ लागे. शिवाय एका ओळीच्या वाट्याला चार खण येतात आणि शब्द साधारण दोन-अडीच खणांतच संपतात. उरलेल्या जागेत गिटार, पियानो किंवा माउथ ऑर्गन उत्तर देतं. म्हणजे प्रत्येक ओळीगणिक एक छोटा सवाल-जवाब चालू असतो. शेतात राबणाऱ्यांच्या गाण्यांत आणि चर्चमधल्या भजनांत एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, ही आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांची जुनी रीत होती. एकटा माणूस गिटार घेऊन बसला तेव्हा झेलणाऱ्यांचं काम गिटारकडे आलं.

पेटीत न सापडणारा सूर

आराखडा कळला तरी ब्लूजची खरी ओढ कुठून येते हे अजून सांगायचं राहिलं. ती आहे 'ग'मध्ये. आपल्याकडे कोमल गंधार आणि शुद्ध गंधार असतो आणि त्यांच्या मध्ये, श्रुती मानणाऱ्याच्या कानाला, आणखीही जागा असते. ब्लूज गाणारा बरोबर त्या मधल्या जागेत राहतो. खालचा कॉर्ड शुद्ध गंधार धरून बसलेला असतो आणि गळा कोमलाकडून वर सरकत त्याच्या जवळ येतो, पण पूर्ण पोहोचत नाही. हे घर्षण म्हणजेच 'ब्लू नोट'. कोमल निषादावरही असंच होतं आणि पंचमाच्या किंचित खालीही.

पेटीवर ही जागा सापडत नाही, तशी पियानोवरही नाही. म्हणून पियानोवादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतात किंवा एकीवरून दुसरीवर घसरतात. गिटारवाल्याकडे दोन उपाय आहेत. एक म्हणजे तार बोटाने आडवी ओढायची. ताण वाढला की सूर चढतो आणि हवा तिथे थांबवता येतो. दुसरा, बाटलीच्या मानेचा तुकडा बोटात घालून तो तारांवरून घसरवायचा, म्हणजे अखंड मींड मिळते. आपल्याकडे विचित्रवीणेवर हेच काम काचेचा गोळा करतो. ब्रिजभूषण काबरा यांची गिटार 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये ज्यांनी ऐकली आहे, त्यांना घसरती गिटार किती गळ्यासारखी गाते हे वेगळं सांगायला नको.

संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी लिहून ठेवलं आहे की १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्यांनी एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला तारांवर चाकू घसरवत गाताना ऐकलं. शिकलेल्या, नोटेशन वाचणाऱ्या हँडींना ते विलक्षण वाटलं. पुढे ब्लूजची छापील गाणी काढून त्यांनीच हा प्रकार शहरांपर्यंत नेला.

चौकट: कानाने ओळखायच्या चार खुणा
फेरा: 'सा'वरून निघून 'म'ला जाऊन येणं, मग 'प'पर्यंत जाऊन परतणं. मनात बारापर्यंत खण मोजून पाहा.
ओळ: एक ओळ दोनदा, मग तिसरी उत्तराची. प्रत्येक ओळीनंतर वाद्याचा जवाब.
सूर: दोन गंधारांच्या मधला, न सुटलेला सूर.
चाल: एका ठोक्याचे तीन भाग, त्यांतले पहिले दोन जोडलेले. टांग्याच्या घोड्याच्या टापांसारखी ही लांब-आखूड चाल 'शफल' म्हणून ओळखली जाते.

तीन मिनिटांची भिंत

आता अल्बमांकडे वळू. पण आधी अल्बम नव्हते तेव्हाची गोष्ट.

१९२० साली मॅमी स्मिथने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायलं आणि कृष्णवर्णीय लोक स्वतःच्या कलाकारांच्या तबकड्या हौसेने विकत घेतात हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. ब्लूजच्या पहिल्या तारका स्त्रियाच होत्या. त्यांत सगळ्यांत मोठी बेसी स्मिथ. तिचं पहिलं ध्वनिमुद्रण १९२३चं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिका एका कर्ण्यात गायची आणि तिच्या आवाजाचा जोरच तबकडीवर सुई हलवायचा. बारीक आवाजाच्या गायिकेचा तिथे टिकाव लागत नसे. बेसीचा आवाज मात्र कर्ण्याला पुरून उरला. १९२५मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या साथीने तिने गायलेलं 'सेंट लुई ब्लूज' ऐका. प्रत्येक ओळीनंतर आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट जो जवाब देतं, त्यावरून वर सांगितलेला सवाल-जवाब एका फटक्यात समजतो. तिच्यासाठी 'द इसेन्शियल बेसी स्मिथ' हा दोन सीडींचा संच पुरेसा आहे. आधीची आणि १९२५ नंतरची, मायक्रोफोनवरची गाणी लागोपाठ लावून पाहा. आवाजाभोवती अचानक खोली उभी राहिल्यासारखं वाटतं.

तेव्हाची ७८ फेऱ्यांची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ठुमरी तीन मिनिटांत कशी बसवली हे आपल्याला ठाऊक आहे. ब्लूजवाल्यांचंही तेच झालं. नाचाच्या रात्री एकेक गाणं हवं तेवढं लांबायचं, तबकडीवर मात्र चार-सहा कडव्यांत आटपावं लागे. आज आपल्याला जे 'मूळ ब्लूज' वाटतं, त्याचा घाट या भिंतीने घडवला आहे. यामागे व्यापारही कसा साधा होता पाहा. चार्ली पॅटन, स्किप जेम्स, सन हाउस या थोरांची जुनी गाणी मुद्रित करणारी पॅरामाउंट कंपनी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची होती. कारखाना ग्रामोफोनची लाकडी कपाटं करी. कपाटं खपायची तर सोबत तबकड्या हव्यात, एवढाच हिशोब.

एकट्याचा वाद्यवृंद

संग्रहात एकच ब्लूज अल्बम ठेवायचा असेल, तर बहुतेक जाणकार रॉबर्ट जॉन्सनचा 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' ठेवतील. मीही तोच ठेवीन. मात्र पहिला म्हणून नव्याला ऐकवणार नाही, त्याचं कारण पुढे येईल.

इथला 'डेल्टा' म्हणजे समुद्राला मिळणाऱ्या नदीचा त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधली ती सपाट, काळी, कापसाची जमीन. गुलामी कायद्याने संपली होती, पण इथले कृष्णवर्णीय शेतकरी मळेवाल्याच्या जमिनीवर वाट्याने राबत आणि वर्षअखेरीच्या हिशोबात बहुधा कर्जातच राहत. जॉन्सन १९११ साली याच मिसिसिपी राज्यात जन्मला आणि १९३८मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याची ध्वनिमुद्रणं दोनदाच झाली. नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलात आणि जून १९३७मध्ये डॅलसला. एकूण गाणी एकोणतीस.

'क्रॉसरोड'वर, म्हणजे चौरस्त्यावर, सैतानाला आत्मा विकून त्याने कला मिळवली, ही दंतकथा सगळीकडे सांगितली जाते. मला ती आवडत नाही, कारण ती त्याची मेहनत झाकते. सन हाउस सांगत असे की हा पोरगा आधी अगदीच वाईट वाजवायचा. काही काळ गायब झाला आणि परतला तेव्हा सगळ्यांना मागे टाकलेलं. मधल्या काळात तो आइक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे शिकत होता. रात्री शांतता मिळावी म्हणून दोघं स्मशानात जाऊन रियाज करत. सैतानापेक्षा ही गोष्ट कितीतरी सरस आहे.

त्या रियाजातून काय आलं? त्याने पियानोचा डावा हात गिटारवर आणला. अंगठा खालच्या तारांवर चालता ठेका धरतो, इतर बोटं वरच्या तारांवर जवाब देतात आणि या सगळ्यावर तो गातो. रॉक गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ही गाणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दुसरी गिटार कोण वाजवतंय असं मित्राला विचारलं होतं. दुसरं कुणी नव्हतंच. ध्वनिमुद्रणाच्या वेळी जॉन्सन भिंतीकडे तोंड करून बसला होता, असं तिथे हजर असलेल्याने सांगितलं. कुणी तो बुजरेपणा मानला. गिटारवादक राय कूडरचा तर्क वेगळा आहे. कोपऱ्यात वाजवलं की भिंतींवरून आवाज परतून गिटारचा मधला सूर भरदार होतो. न्हाणीघरात गुणगुणताना आपलाही आवाज भरीव वाटतो, तसाच हा प्रकार.

आणि आता नव्याला तो आधी का ऐकवू नये ते सांगतो. जॉन्सनचे खण नेहमी बारा भरत नाहीत. शब्द लांबला की तो दोन ठोके वाढवतो, घाई झाली की कापतो. एकटा असल्यामुळे त्याला कुणाशी जमवून घ्यायचं नव्हतं. साचा कानात बसलेला असेल तरच ही मोडतोड कळते, आणि कळली की तिच्यात जीव गुंततो.

मग सुरुवात कुणापासून? मिसिसिपी जॉन हर्टपासून. १९२८मध्ये काही तबकड्या करून हा माणूस शेतीकडे परतला आणि विस्मृतीत गेला. त्याच्या एका गाण्यात ॲव्हलॉन या त्याच्या गावाचा उल्लेख होता. त्या धाग्यावरून १९६३मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण ते गाव नकाशात शोधत गेला, तर हर्ट तिथेच राहत होता आणि बोटंही शाबूत होती. १९६६चा 'टुडे!' हा अल्बम म्हणजे पडवीत बसून आजोबांनी गोष्ट सांगावी तसा आहे. अंगठ्याचा ठेका घड्याळासारखा, आवाज कुजबुजीचा. हर्टचं सगळंच काही बारा खणांत बसणारं नाही. पण कान तयार करायला याहून मायाळू अल्बम मला माहीत नाही.

शिकागोची वीज

ऑगस्ट १९४१मध्ये ॲलन लोमॅक्स हा लोकगीतांचा संग्राहक लायब्ररी ऑफ काँग्रेसचं यंत्र घेऊन डेल्टातल्या स्टोव्हल मळ्यावर आला. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मकिन्ली मॉर्गनफील्डचं गाणं त्याने टिपलं. पुढे तबकडी हाती आल्यावर स्वतःचा आवाज ऐकून मॉर्गनफील्डला वाटलं, आपणही हे करू शकतो. १९४३मध्ये त्याने शिकागोची गाडी पकडली. जग त्याला मडी वॉटर्स म्हणून ओळखतं.

त्या गाडीत तो एकटा नव्हता. १९१६ ते १९७० या काळात दक्षिणेतले सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. शिकागोच्या गजबजलेल्या दारूच्या अड्ड्यात साध्या लाकडी गिटारचा आवाज बुडून जाई, म्हणून मडीने १९४४मध्ये विजेवरची गिटार घेतली. ढोल, बास, पियानो, माउथ ऑर्गन आले. आणि इथे एक मोठा बदल झाला. पाच जण एकत्र वाजवायचे म्हटल्यावर खण मोजून बारा ठेवणं भाग पडलं. घरंदाज बारा खणांचा ब्लूज म्हणून आपण जो ओळखतो, तो बऱ्याच अंशी अशा वादकांच्या ताफ्यांनी पक्का केला.

'द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स' (१९५८, चेस कंपनी) हा अल्बमही प्रत्यक्षात १९४८ ते १९५४मधल्या सुट्या तबकड्यांची मोट आहे, पण काय मोट आहे! तो अल्बमच्या क्रमाने ऐकण्यापेक्षा कालक्रमाने ऐकावा. 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' (१९४८) मध्ये फक्त गिटार आणि बास. डेल्टातलाच माणूस, नुसती वीज जोडलेली. मग 'हूची कूची मॅन' (१९५४) लावा. अख्खा ताफा एक छोटा तुकडा वाजवून थांबतो, मोकळ्या जागेत मडी एक वाक्य टाकतो, पुन्हा तोच तुकडा. या थांबण्यासाठी पहिले चार खण दुप्पट केले आहेत, म्हणून हे घर सोळा खणांचं झालं. विली डिक्सनने रचलेल्या या युक्तीवर पुढे कितीजण जगले.

याच ताफ्यातल्या लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गनचं रूपच पालटलं. साधा मायक्रोफोन आणि माउथ ऑर्गन दोन्ही ओंजळीत घट्ट धरून तो फुंकायचा. आवाज दिव्यांच्या, म्हणजे व्हॅल्व्हच्या, ॲम्प्लिफायरला झेपेनासा होई आणि ध्वनिलहरींचे शेंडे कापले जात. शेंडे कापले की मूळ सुराबरोबर त्याचे वरचे उपसूर जागे होतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा बसवला की सूर कसा फुलतो, तसंच काहीसं. फक्त इथली जवारी विजेची आहे. रॉक गिटारचा फाटका, गुरगुरणारा आवाज पुढे याच तत्त्वावर उभा राहिला. 'द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर' मडीच्या शेजारी ठेवा.

आणि त्या दोघांच्या शेजारी हाउलिन वुल्फ. त्याचा 'मोनिन इन द मूनलाइट' (१९५९) घ्या. त्यातलं 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' एकाच कॉर्डवर उभं आहे. 'म' नाही, 'प' नाही, फेराच नाही. घराबाहेर न पडता माणूस तीन मिनिटं तुम्हाला खिळवून ठेवतो, तो केवळ गळ्याच्या आणि ह्यूबर्ट समलिनच्या गिटारच्या बळावर. साच्याचे नियम कळल्यावर हे ऐकावं.

जवाब देणारे श्रोते

बी. बी. किंगला बाटलीचा तुकडा घसरवून वाजवणं जमत नव्हतं. त्याचा नातलग बुका व्हाइट त्यात पटाईत होता. त्या घसरत्या, थरथरत्या आवाजाच्या जवळ जाण्यासाठी किंगने डाव्या हाताचं बोट तारेवर ठेवून अख्खं मनगट हलवायला सुरुवात केली. न जमण्यातून आलेला तो कंप जगातल्या निम्म्या गिटारवाल्यांनी पुढे उचलला. गाताना तो वाजवत नसे, वाजवताना गात नसे. गळा थांबला की गिटार बोले. ओळ आणि जवाब यांचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

'लाइव्ह ॲट द रीगल' २१ नोव्हेंबर १९६४ला शिकागोच्या रीगल थिएटरात मुद्रित झाला. यात तिसरा आवाज श्रोत्यांचा आहे. 'हाउ ब्लू कॅन यू गेट'मध्ये तो आपण बायकोला काय काय दिलं आणि तिने प्रत्येक गोष्टीला कशी नाकं मुरडली याची जंत्री चढत्या क्रमाने मांडतो. शेवटच्या ओळीवर सभागृहातून जी किंकाळी उठते, तिच्यात हसू आहे आणि स्वतःच्या घरची ओळखही. ब्लूज म्हणजे रडगाणं, हा समज ज्यांच्या मनात घट्ट बसला आहे, त्यांना मी आधी ही किंकाळी ऐकवतो. दुःख चारचौघांत मांडलं की लोक म्हणतात, "अगदी खरं!" आणि ते म्हटल्याबरोबर दुःखाचं वजन वाटून घेतलं जातं. संग्रहात ज्यांना एकच 'लाइव्ह' अल्बम ठेवायचा आहे, त्यांनी दुसरीकडे पाहूही नये.

बिघडलेला ॲम्प्लिफायर

आतापर्यंतचे बहुतेक अल्बम म्हणजे तबकड्यांचे गठ्ठे होते. लाँग प्ले तबकडी १९४८मध्ये आली होती. पण ब्लूजचे गिऱ्हाईक तीन मिनिटांच्या सुट्या तबकड्या घेणारे आणि ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकणारे. त्यांच्यासाठी चाळीस मिनिटांचा अल्बम कोण करणार?

शिकागोत रेकॉर्डचं दुकान आणि डेलमार्क ही छोटी कंपनी चालवणाऱ्या बॉब केस्टरने ते धाडस केलं. १९६५मध्ये त्याने ज्युनियर वेल्सला सांगितलं की क्लबात जसं वाजवता तसंच वाजवा, वेळेची काळजी करू नका. त्यातून 'हूडू मॅन ब्लूज' तयार झाला. चारच माणसं. माउथ ऑर्गन आणि गाणं वेल्सचं, सोबत गिटार, बास आणि ड्रम. मध्येच गिटारचा ॲम्प्लिफायर बिघडला. तंत्रज्ञाने वेळ न घालवता गिटार स्टुडिओतल्या ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला जोडून दिली. लेस्लीमध्ये कर्णा आत गरगर फिरत असतो. शिट्टी वाजवत येणारी गाडी जवळ येताना सूर चढा आणि दूर जाताना उतरता लागतो. तोच परिणाम इथे एका सेकंदात कितीतरी वेळा होतो आणि गिटारचा आवाज पाण्यावरच्या उन्हासारखा लहरत राहतो. ज्या गाण्यांत ती लहर ऐकू येते, तिथे तो बिघाड तुमच्या कानांसमोर घडतो आहे.

तो गिटारवाला दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असावा अशा समजुतीने अल्बमवर त्याचं नाव 'फ्रेंडली चॅप' असं छापलं गेलं. तो होता बडी गाय. फेब्रुवारी २०११मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला, तेव्हा तोच बडी गाय मुंबईकरांसमोर वाजवत होता.

या अल्बमात गर्दी नाही. दोन वाद्यांच्या मधली रिकामी जागा ऐकू येते आणि ब्लूजमध्ये जागा सोडणं हे वाजवण्याइतकंच कौशल्याचं असतं. मला विचाराल तर जॉन हर्टनंतर लगेच हाच लावावा.

त्यानंतर १९६७चा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन'. अल्बर्ट किंग डावखुरा. उजव्या हाताची गिटार तो तारा न बदलता उलटी धरायचा. बारीक तारा त्यामुळे वरच्या बाजूला येत. इतर वादक तार वर ढकलतात, तो खाली खेचायचा. खेचायला बळ जास्त मिळतं, म्हणून त्याचा सूर एका झटक्यात दूरवर चढतो. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा सोल वाजवणारा ताफा मागे आहे, त्यामुळे ठेका आधुनिक वाटतो. घरातली तरुण मुलं हा अल्बम आपणहून मागतात.

विकत घेताना आणि ऐकताना

संकलनं घ्यायला संकोच करू नका. ज्या काळात अल्बमच नव्हते, त्या काळासाठी संकलन हीच अस्सल वस्तू. फक्त कव्हरवर प्रत्येक गाण्याचं वर्ष दिलं आहे ना ते पाहा. एकाच कलाकाराने त्याच नावाचं गाणं म्हातारपणी पुन्हा गायलेलं असतं आणि स्वस्त संकलनांत तेच भरलेलं असतं. जुन्या तबकड्यांची खरखर जास्तच पुसून काढलेल्या आवृत्त्याही टाळाव्यात. खरखरीबरोबर माउथ ऑर्गनचा श्वास आणि तारेवर घासणारं बोटही पुसलं जातं. आणि घसरत्या गिटारची वाट आपल्या बाजूने चालून पाहायची असेल, तर राय कूडर आणि विश्वमोहन भट्ट यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' (१९९३) जरूर ठेवा. तो ब्लूजचा अल्बम नाही. पण दोन देशांच्या मींडा एकमेकींना कशा ओळखतात हे त्यात ऐकू येतं.

इतके सगळे एकदम घ्यायचीही गरज नाही. एक गाणं निवडा. मी 'डस्ट माय ब्रूम' सुचवीन. आधी रॉबर्ट जॉन्सनचं १९३६चं ध्वनिमुद्रण लावा. सुरुवातीलाच वरच्या तारांवर तीन-तीनच्या गटात सुरांची एक जलद आवृत्ती येते, बोटांनी छेडलेली, कोरडी आणि नेमकी. मग एल्मोर जेम्सचं १९५१चं लावा. तीच आवृत्ती, तसेच तीन-तीनचे गट. पण आता विजेवरच्या गिटारवर, बोटातली नळी घसरवत, पूर्ण ताफ्याच्या पुढे. मागे सनी बॉय विल्यमसनचा माउथ ऑर्गन आहे. पहिल्या वेळी शब्दांकडे दुर्लक्ष करा आणि फक्त खण मोजा. दुसऱ्या वेळी मोजणं सोडा आणि गंधार ऐका. तो कोमलापासून निघेल आणि शुद्धाच्या अलीकडे, दाराच्या चौकटीत उभा राहावा तसा थांबेल.